पार्किन्सन्सच्या गोळ्यांनी लागलेला नाद: घरच्यांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

माझ्या धाकट्या भावाला चौतिसाव्या वर्षी पार्किन्सन्स (कंपवात) निघाला. अडतिसाव्या वर्षी कळलं की द्राक्षाच्या पट्टीचे (विक्रीचे) पैसे मोबाईलवरच्या रमीत गेलेत. त्याच रात्री अण्णांनी त्याच्या गोळ्यांची पिशवी उकिरड्यावर भिरकावली. तिसऱ्या दिवशी भाऊ लाकडासारखा ताठ झाला, अंगात ताप, बोलणं असंबद्ध. मिरजेला आयसीयूत पाच दिवस काढले. पैसे गेले ते गेलेच, माणूसही जाता जाता राहिला. दोष गोळीचा होता हे आमचं निदान बरोबर होतं. चुकला तो क्रम.

त्यानंतर तासगाव, विटा, कोरेगाव, फलटण अशा ठिकाणच्या बऱ्याच घरांशी या विषयावर बोलणं झालं, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हाच क्रम चुकलेला दिसला. आधी भांडण, मग गोळ्या बंद, मग देवऋषी किंवा व्यसनमुक्ती केंद्र, आणि सगळ्यात शेवटी न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर. खाली आहे तो उलट बाजूने लावलेला क्रम. डोस किती कमी करायचा हे इथे सापडणार नाही. ते डॉक्टरांचं काम, आणि का, ते पायरी ६ मध्ये येईल.

आधी ओळखा: हे त्यातलंच आहे का?

मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन हालचाल सांभाळतं, तसंच "आणखी हवं" ही ओढही तेच लावतं. पार्किन्सन्समध्ये हालचालीच्या भागातलं डोपामाइन आधी आणि जास्त आटतं. ओढीचा भाग सुरुवातीला बराच शाबूत असतो. गोळी मात्र दोन्हीकडे पोचते. हालचालीच्या भागाला पुरेल इतका डोस ओढीच्या भागाला जास्त होतो. ज्यांना डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट म्हणतात त्या गोळ्या, म्हणजे प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल, ओढीच्या भागातल्या डी-३ या रिसेप्टरवर (डोपामाइन जिथे बसून काम करतं त्या जागेवर) विशेष जोराने बसतात. कातडीवर लावायची रोटिगोटिनची पट्टी याच कुळातली.

२०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत असा किमान एक नाद सापडला, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. म्हणजे नुसत्या लेव्होडोपावर (पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीवर) असलेला माणूसही पूर्ण सुटलेला नसतो.

आता जनुकाचा संबंध. कमी वयात येणाऱ्या पार्किन्सन्समागे काही वेळा पार्किन या जनुकातला दोष असतो. हा आजार सावकाश वाढतो आणि स्मरणशक्ती सहसा शाबूत राहते. थोड्या लेव्होडोपानेही फरक पडतो, पण अंग आपोआप वळवळायचा त्रास लवकर सुरू होतो. तो लांबवावा म्हणून तरुण रुग्णाला बहुधा आधी अ‍ॅगोनिस्ट देतात. हिशेब मांडून बघा: वय कमी, डोकं तल्लख, हातात मोबाईल आणि घरचा व्यवहार, आणि नेमकी हीच गोळी पुढची कित्येक वर्षं. पार्किन जनुकाच्या रुग्णांत हे नाद वारंवार नोंदले गेले आहेत, त्यात नवल नाही.

नाद म्हणजे फक्त जुगार नव्हे. मटका, रमी, क्रिकेटचा सट्टा, शर्यतीच्या बैलावर लावलेले पैसे हे चटकन डोळ्यांवर येतं. एकाच रंगाच्या सहा साड्या, न उघडलेली पार्सलं, रात्री दोन वाजता फरसाणाचा डबा रिकामा करणं, हे कुणी आजारात धरत नाही. कामवासना बेसुमार वाढणं हा सगळ्यात लपवला जाणारा प्रकार. आणि एक विचित्र प्रकार: तासन्‌तास निरर्थक उचकपाचक. जुना रेडिओ खोलायचा, स्क्रू मांडायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा खोलायचे. आमच्याकडे ठिबकच्या नळ्यांचे तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवणं चालायचं, पहाटे चारपर्यंत. आई म्हणायची, पोरगं कामाला लागलं!

*तपासून बघा.* गेल्या चार आठवड्यांबद्दल चार प्रश्न: ती गोष्ट सतत डोक्यात असते का? थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही का? नुकसान दिसत असूनही चालूच आहे का? लपवाछपवी, खोटं बोलणं आहे का? एकाचं उत्तर "हो" आलं तरी पुढे वाचा. आणि पाचवा प्रश्न, घरच्यांनी स्वतःला विचारायचा: हा स्वभाव आधीपासून होता, की गोळी सुरू झाल्यावर आला? जो माणूस लग्नातही पत्त्यांच्या डावात बसत नव्हता तो सट्टा लावतोय, तर संशयाचं बोट आधी गोळीकडे.

पायरी १: गोळ्यांची खरी यादी करा

फाइलमधलं प्रिस्क्रिप्शन म्हणजे यादी नव्हे. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडा: उशीखालच्या, गाडीच्या डिकीतल्या, शेतातल्या खोलीतल्या. प्रत्येक स्ट्रिपवरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव उतरवून घ्या.

हे का, ते सांगतो. एकच प्रॅमिपेक्सोल वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळतं. एका डॉक्टरांनी पार्किन्सन्ससाठी दिलेलं असतं, दुसऱ्यांनी "रात्री पाय शिवशिवतात" म्हणून, आणि माणूस दोन्ही घेत असतो. साधी आणि दिवसभर हळूहळू विरघळणारी अशा दोन प्रकारांतही ते येतं, तेही लिहा.

मग स्ट्रिप्स मोजा. महिन्याला किती लागायला हव्यात आणि किती आणल्या गेल्या? काही रुग्ण लेव्होडोपाच्या (आपल्याकडे सगळे सिंडोपाच म्हणतात) गोळ्या सांगितल्यापेक्षा जास्त घ्यायला लागतात. अंग मोकळं असतानाही "ताठ वाटतंय" म्हणून आणखी एक. हा वेगळा आणि गंभीर प्रकार आहे, डॉक्टरांना तो स्वतंत्रपणे सांगावा लागतो. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देणाऱ्या मेडिकलवाल्याला गाठून शांतपणे विचारलं की खरा आकडा कळतो. गावात हा एक फायदा आहे, शहरात तेवढा नाही.

*सावधान.* या टप्प्यावर एकही गोळी कमी करायची नाही. यादी हातात आली की बोटं शिवशिवतात, ठाऊक आहे.

पायरी २: सात दिवसांची वही

शाळेची दुरेघी वही चालते. पाच रकाने आखा: वेळ, कोणती गोळी, अंग कसं होतं (ताठ, मोकळं, वळवळतंय), तेव्हा काय चाललं होतं, झोप किती.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. एक, वही रोज रात्री आठवून भरतात. त्याला अर्थ नाही. वेळ महत्त्वाची, म्हणून त्या त्या क्षणी लिहा. दुसरी, वहीत मत लिहितात. "आज पुन्हा नालायकपणा केला" यातून डॉक्टरांना काही कळत नाही. "रात्री ११:४० ते ३:१०, मोबाईल, दार आतून बंद, साडेनऊला प्रॅमिपेक्सोल घेतली होती" यातून पुष्कळ कळतं.

सात दिवस पुरतात. रोज हजारो रुपये जात असतील तर सात दिवसही थांबू नका. पायरी ३ आणि ४ त्याच दिवशी करा आणि डॉक्टरांना फोन लावा.

पायरी ३: त्याच्याशी बोला, पण पंचायत भरवू नका

पैशाच्या आधी बोलणं का? कारण पैसे त्याचे आहेत, सही त्याची आहे, आणि डोकं शाबूत आहे. पाठीमागून खाती बंद केली की तो नवीन खातं उघडतो, नवीन सिम घेतो. आम्ही तेही अनुभवलंय.

वेळ निवडा: गोळी लागू पडल्यावर, अंग मोकळं असताना, दुपारी. ताठ असताना माणूस बोलूच शकत नाही, आणि ते गप्प राहणं घरच्यांना "मुजोरी" वाटतं. बोलणारा एकच असावा. मामा, चुलते, भावकी, सोसायटीचे चेअरमन असा गोतावळा बसवला की तो एकतर सगळं नाकारतो किंवा उठून जातो.

सुरुवात कशी करायची यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बायको असेल तर साधारण असं: "अहो, तुम्ही असे नव्हता. या गोळ्यांनी काहींना असा नाद लागतो म्हणे. मी तुम्हाला दोष देत नाही. डॉक्टरांना दोघं मिळून सांगू." भाऊ असेल तर: "हे बघ, तू चोर नाहीस, हे आम्हाला माहीत आहे. गोळीचा परिणाम असू शकतो. किती गेलेत तेवढं खरं सांग, मी अण्णांपर्यंत जाऊ देत नाही." आणि मग खरोखर जाऊ द्यायचं नाही.

पहिल्यांदा सांगितलेला आकडा धरून चालू नका. माझ्या अंदाजाने तो निम्म्याच्या आसपास असतो. बाकीचा दोन-तीन बैठकांत बाहेर येतो. त्याला खोटं म्हणू नका, ते लाजेने होतं.

कामवासनेचा विषय असेल तर तो सासू-सासऱ्यांसमोर काढायचाच नाही. बायकोने हे लक्षात ठेवावं की गोळीचा परिणाम असला तरी नकार देण्याचा तिचा हक्क जराही कमी होत नाही. जबरदस्ती होत असेल तर वेगळ्या खोलीत झोपा, विश्वासातल्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरांची वेळ आठवड्यावर ढकलू नका. घरातल्या मुलांच्या हाती बाबांचा मोबाईल जात असेल तर तोही आजच बंद.

पायरी ४: पैशाची दारं बंद करा

इथे घाई हवी. गोळी कमी केल्यावर नाद उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्या काळात घर बुडू शकतं.

आधी मोबाईल. त्याच्या संमतीने यूपीआयची रोजची मर्यादा अगदी खाली आणा, किंवा यूपीआयला फक्त छोटं, खर्चापुरतं खातं जोडा. क्रेडिट कार्ड बंद. कर्ज देणारी अ‍ॅप्स काढा, पण काढण्याआधी प्रत्येकात किती बाकी आहे ते लिहून घ्या. अ‍ॅप पुसल्याने कर्ज पुसलं जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. म्हणून "आता ते बंदच झालंय" असं मनाचं समाधान करून घेऊ नका. चोरवाटा राहतात, आणि मटक्याला मोबाईल लागतच नाही.

मग बँक आणि पतसंस्था. मोठी रक्कम दोघांच्या सहीशिवाय निघणार नाही अशा संयुक्त खात्यात. उसाचं बिल, दुधाचा पगार, द्राक्षाची किंवा बेदाण्याची पट्टी याच खात्यात जमा होईल असं आधीच सांगून ठेवा. पैसे येण्याच्या हंगामाआधी हे झालं पाहिजे. आमचा नेमका मार्च सापडला होता. भिशी सुटणार असेल तर ती कोणाच्या हातात पडते तेही बघा.

सोनं लॉकरमध्ये, लॉकर दोघांच्या नावावर. सोनेतारण झालंय का ते गावातल्या आणि तालुक्यातल्या पतसंस्थांत विचारा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो काढला की बँका आणि फायनान्स कंपन्यांची कर्जं समोर येतात. सावकाराचं मात्र त्यात दिसत नाही. सातबाऱ्यावर नवीन बोजा चढलाय का, तो उतारा ऑनलाइन काढून बघा. बिगरपरवाना सावकाराने कागद लिहून घेतला असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या सहायक किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. भीतीपोटी फार कमी लोक जातात, पण वाट आहे.

*सावधान.* त्याला पूर्ण निष्कांचन करू नका. खिशात रोजचे दोन-तीनशे असू द्या. चहाला पैसे मागायची वेळ आली की माणूस उसनवारीकडे वळतो, आणि गावात उसने द्यायला दहा जण तयार असतात.

पायरी ५: न्यूरोलॉजिस्टकडे काय घेऊन जायचं

मिरज, कराड, कोल्हापूर किंवा पुणे, जिथे नेहमी दाखवता तिथेच आधी जा. नवीन डॉक्टरांना जुना डोस समजायला वेळ लागतो. ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात हे धरून चाला. म्हणून एका पानावर लिहा: आजार कधी सुरू झाला, अ‍ॅगोनिस्ट कधी सुरू झालं, डोस शेवटचा कधी वाढला, नाद पहिल्यांदा कधी दिसला, आता काय काय चाललंय, आधी दारू-तंबाखू-जुगाराची सवय होती का, घरात कुणाला होती का. गोळ्यांची यादी आणि वही सोबत.

तारखा का, तर डोस वाढल्यानंतर नाद दिसला असेल तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. पण हा परिणाम गोळी सुरू झाल्यावर कित्येक महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही उगवतो. तेव्हा "तीन वर्षं काही झालं नाही, मग गोळीचा कसा?" हा प्रश्न गैरलागू आहे.

बहुतेक डॉक्टर स्वतःहून विचारतील असं समजू नका, आणि रुग्ण स्वतःहून सांगेल असं तर मुळीच नको. समोर बायको आणि वडील बसलेले असताना कोण सांगेल? खोलीत शिरण्याआधी चिठ्ठी आत पाठवा: "यांच्याशी आणि माझ्याशी दोन मिनिटं वेगवेगळं बोलाल का?" हे विचित्र वाटतं, पण यानेच काम होतं.

विचारायचे प्रश्न: यातली कोणती गोळी कारण असू शकते? ती किती टप्प्यांत कमी करणार? त्या बदल्यात काय देणार? अंग ताठ झालं तर कोणत्या मर्यादेपर्यंत वाट बघायची? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला?

एक आडवळणाची गोष्ट, पण सांगायलाच हवी. हीच अ‍ॅगोनिस्ट काहींना अचानक झोपेची डुलकी आणते. मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवत असेल तर त्याच भेटीत विचारा.

पायरी ६: गोळी कमी होत असतानाचे आठवडे

सगळ्यात नाजूक टप्पा हाच.

बहुधा अ‍ॅगोनिस्ट हळूहळू उतरवतात आणि हालचाल सांभाळायला लेव्होडोपा थोडी वाढवतात. पार्किनच्या रुग्णाला थोडी लेव्होडोपाही पुरते, पण अंगाची वळवळ लवकर सुरू होते, त्यामुळे हा तोल साधायला दोन-तीन फेऱ्या लागतात. पहिल्याच फेरीत सगळं जमलं नाही म्हणून डॉक्टर बदलू नका.

दोन धोके आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिला: गोळ्या एकदम बंद केल्या किंवा फार झपाट्याने उतरवल्या की अंग कमालीचं ताठ होणं, जोराचा ताप, घाम, भ्रम, नाडी वाढणं. आमच्याकडे झालं ते हेच. ही जिवावरची गोष्ट आहे. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टीत न्यायचं आणि दारातच सांगायचं: "पार्किन्सन्सचा पेशंट आहे, गोळ्या अमुक दिवसापासून बंद आहेत."

दुसरा: डोस नीट टप्प्यांत उतरत असतानाही काहींना घबराट, प्रचंड उदासी, घाम, अंगदुखी, अस्वस्थता आणि त्याच गोळीची तलफ येते. याला अ‍ॅगोनिस्ट सोडल्याचा त्रास म्हणतात, आणि गंमत अशी की लेव्होडोपा वाढवून तो जात नाही. ज्यांना आधी नाद लागलेला असतो त्यांनाच हा जास्त होतो. घरचे याला नाटक समजतात. नाटक नाही. डॉक्टरांना कळवा, उतरवण्याचा वेग कमी करावा लागतो, क्वचित थोडी गोळी ठेवावीही लागते. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास मराठीतही चालतो. लगेचचा धोका वाटला तर ११२.

*तपासून बघा, दर रविवारी.* ठरलेल्या टप्प्यानुसारच गोळी कमी झालीय ना? जुन्या स्ट्रिप्स घरातून गेल्या ना? झोप किती तास? वहीतला नादाचा वेळ कमी होतोय का? सरळ रेषेत कमी होत नाही. एक आठवडा बरा, पुढचा वाईट, असं चालतं.

पायरी ७: मानसोपचाराची मदत, आणि कोणती औषधं नकोत

गोळी उतरवूनही सवय उरते. इथे समुपदेशनाचा, विशेषतः विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या थेरपीचा उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञ काही तालुक्यांच्या गावीही मिळतात. अट एकच, त्यांनी न्यूरोलॉजिस्टशी बोललं पाहिजे.

ही अट का? हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापाइन यांसारखी औषधं पार्किन्सन्स बिघडवतात. अ‍ॅरिपिप्राझोलने तर स्वतःच जुगाराचा नाद लागू शकतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला होता. गरज पडलीच तर क्वेटियापाइन किंवा रक्ततपासणीच्या देखरेखीखाली क्लोझापाइन, हे तज्ज्ञांनी ठरवायचं. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा चक्करसाठी प्रोक्लोरपेराझिन, ही साधी वाटणारी औषधंही याच यादीत येतात. गावातल्या फॅमिली डॉक्टरांना ही नावं कागदावर लिहून द्या. वाईट वाटून घेत नाहीत.

व्यसनमुक्ती केंद्रात परस्पर भरती करू नका. गोळ्यांच्या वेळा तिथे चुकल्या की पायरी ६ मधला पहिला धोका दारात उभा.

पायरी ८: जनुकीय तपासणी, आणि तीही आत्ताच का नको

लोक इथूनच सुरुवात करतात, म्हणून मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. रिपोर्ट यायला काही आठवडे जातात आणि त्याने आजची गोळी बदलत नाही. नाद थांबवायला रिपोर्टची गरज नाही. कमी वयात आजार आलेल्या, किंवा भावंडांतही दिसणाऱ्या घराने तो करावा, पण घर सावरल्यावर.

करताना लॅबला एक प्रश्न विचारा: "पार्किनमधला गळालेला किंवा दुप्पट झालेला तुकडाही यात दिसेल का?" या जनुकात असे दोष बरेच असतात आणि साध्या क्रमवाचनात (जनुकातली अक्षरं ओळीने वाचणाऱ्या तपासणीत) ते निसटू शकतात. त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी चाचणी असते. ती न करता आलेला "काही सापडलं नाही" हा निकाल अर्धवट समजा.

रिपोर्ट वाचताना होणाऱ्या चुका. पार्किनचा आजार व्हायला आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष लागतात. एकच प्रत सदोष निघाली तर तेवढ्याने निदान होत नाही. "अर्थ अनिश्चित" असा शेरा असेल तर त्याचा अर्थ खरोखर अनिश्चित. त्यावरून भावंडांची लग्नं मोडू नका. एलआरआरके-२ हे जनुक इंटरनेटवर फार वाचायला मिळतं, पण त्यातला जगभर गाजलेला दोष आपल्याकडे फार विरळा. जीबीए या आणखी एका जनुकात दोष सापडला तर स्मरणशक्ती आणि भास यांवर लक्ष ठेवा आणि मेंदूतल्या शस्त्रक्रियेचा विषय निघेल तेव्हा ते सांगा. शस्त्रक्रियेआधी नादही सांगायचाच, तो कितीही जुना आणि "आता बरा" असला तरी.

पार्किनमध्ये रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला आजाराची शक्यता ४ मध्ये १. मुलांना वडिलांकडून एक सदोष प्रत जातेच, पण आई नात्यातली नसेल तर आजाराची शक्यता फार कमी. आपल्याकडे मेख इथे आहे. सख्ख्या मामाची मुलगी केलेली असेल तर तिच्याकडेही तोच दोष असण्याची शक्यता साधारण ४ मध्ये १, आणि तो असला तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी. हे ऐकून कुणी सासरच्यांकडे बोट दाखवू नये; दोष आजी-आजोबांच्या मागून आलेला असतो. लहान, ठणठणीत मुलांची तपासणी मात्र करू नका. मोठी झाल्यावर त्यांचं त्यांना ठरवू द्या.

नंतरची देखरेख

पहिलं वर्षभर महिन्यातून एक आठवडा वही भरा. नंतर फक्त तीन वेळी: कोणतीही पार्किन्सन्सची गोळी वाढली की, डॉक्टर बदलले की, आणि मोठी रक्कम हातात यायच्या आधी. नवीन डॉक्टर जुनी फाइल न बघता तेच अ‍ॅगोनिस्ट पुन्हा सुरू करतात, असं घडतं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवा: "प्रॅमिपेक्सोलने जुगाराचा नाद लागला होता", आणि खाली तारीख.

भाऊ आता गोळ्या स्वतःच मांडतो, सात कप्प्यांच्या डबीत, आणि यूपीआयची मर्यादा त्याने स्वतःहून वाढवलेली नाही. वही फ्रिजवर असते. खरड छाटणी झाली, पट्टी यायची आहे, काल त्यानेच विचारलं, "दादा, या वर्षी खातं दोघांच्या सहीचंच ठेवायचं ना?"